वाडग्यातला चेहरा

घड्याळजींनी काकूंना किल्ली दिली ती कुंड्यांना पाणी घालायला. एवढंच काम होतं.

"वहिनी, चार दिवस लेकीकडे जाऊन येतो. सकाळी एकदा पाणी घातलंत की झालं. आणि टेबलाला..."

"हात लावायचा नाही. माहीत आहे हो, भाऊजी! मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर सांगितलं नसतं," असं म्हणून घड्याळजी बॅग सावरत जिना उतरले.

इमारतीत काकूंना सगळे बिनतारी काकू म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण काकूंना ते ठाऊक होतं, कारण त्यांना सगळंच ठाऊक असायचं. बाई मनाने वाईट नव्हती. कुणी आजारी पडलं तर पहिलं पातेलं त्यांच्याच घरातून जायचं. फक्त ते पातेलं परत येताना त्या घरातल्या बातम्याही भरून आणायचं, इतकंच.

घड्याळजी समोरच्या दाराचे. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली होती, पण हात स्वस्थ बसेनात. मग त्यांना हा नाद लागला. मुलांच्या जोडायच्या ठोकळ्यांबरोबर बोटभर उंचीची माणसं येतात ना, पिवळ्या डोक्याची आणि वाटोळ्या पंजांची, ती जुनी-पानी गोळा करायची. स्पिरिट लावून त्यांचे मूळ चेहरे पुसायचे, हात उपटून दुसऱ्याचे हात बसवायचे, सदऱ्यावर बारीक ब्रशने चौकडी काढायची आणि इमारतीतल्या एकेकाला उभं करायचं. गच्चीवर कपडे वाळत घालणारी पहिल्या मजल्यावरची सून केली होती, तिच्या हातात दोन तांदळांएवढे चिमटे होते. पहारेकरी केला होता, तो खुर्चीत झोपलेला. "अगदी हुबेहूब!" असं म्हणून पहारेकरी सोडून सगळे हसले होते.

चेहरा मात्र शेवटी. खास कागदावर तो छापायचा, नखाएवढा कापायचा आणि वाडग्यात पाण्यावर सोडायचा. अर्ध्या मिनिटात कागद खाली बसतो आणि चेहरा सुटून वर तरंगतो, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा. तो चिमट्याने उचलून कोऱ्या डोक्यावर गुंडाळायचा. काकूंनी हे शेजारी बसून किती वेळा पाहिलं होतं. आता त्यांची स्वतःची आणि काकांची पाळी होती. काका दवाखान्यातून घरी आले की भेट द्यायची, असं ठरलं होतं.

कारण काका दवाखान्यात होते. पोटाचं ऑपरेशन. तसं फार मोठं नाही, पण वयाला झेपायला हवं. अकरा वाजता आत नेणार होते. काका चष्मा घरीच विसरले होते आणि त्यावरून सकाळपासून त्यांची बडबड चालली होती. "अगं ए, माणूस मरायला जरी निघाला तरी त्याला दिसायला नको का?" काकांचं बोलणं असंच. आधी दोनदा खाकरायचं, मग "अगं ए", आणि मग जे काय असेल ते. एकतीस वर्षं काकूंनी ते खाकरणं ऐकलं होतं. तेवढ्यावरून त्यांना कळायचं, चहा हवाय की भांडण. शेवटी दीर म्हणाला, "वहिनी, मी आहे इथे. तुम्ही चष्मा घेऊन या, नाहीतर दादा डॉक्टरांशीच भांडेल."

चष्मा पर्समध्ये टाकला आणि जाता जाता पाणी घालून टाकू म्हणून काकूंनी समोरचं दार उघडलं.

आत स्पिरिटचा वास कोंडला होता. भिंतीवर दहा-बारा घड्याळं, सगळी चालू, पण प्रत्येकाची टिकटिक जराशी मागे-पुढे, कुणीतरी दबक्या आवाजात कुजबुजत असल्यासारखी. काकूंनी खिडकीतल्या जाड पानांच्या कुंडीत झारी रिकामी केली. मग वळल्या. टेबलाकडे बघायचं नाही असं ठरवून वळल्या, म्हणजे टेबलाकडेच वळल्या.

काका उभे होते. बोटभर. निळ्या चौकडीचा सदरा, खिशाला पेन, एक खांदा किंचित खाली. फक्त डोकं कोरं होतं, पिवळंधमक. शेजारी बिनडोक्याच्या काकू. आणि मध्ये पांढरा वाडगा, काठोकाठ भरलेला.

वाडग्यात चेहरा तरंगत होता.

काकू वाकल्या. तो चेहरा काकांचा होता. वाकडी दांडी असलेला चष्मा, वर चढलेली डावी भुवई, आता ओरडणार अशा बेतातले ओठ. काकूंना हसूच आलं. काय हात आहे भाऊजींचा! नीट बघावं म्हणून त्यांनी वाडगा उचलला, खिडकीच्या उजेडाला नेला, आणि पर्समध्ये फोन वाजला. हात दचकला. पाणी कुंडीत सांडलं.

"वहिनी, नेलं आत," दीर म्हणाला. "सव्वाअकरा झाले. या तुम्ही."

काकूंनी वाडग्यात पाहिलं. रिकामा. त्यांनी कुंडीतली माती बोटांनी चाळली, पानं उचलून पाहिली. काळा चिखल, बस.

आता भाऊजींना काय तोंड दाखवायचं, हा विचार आला, नाही असं नाही. पण त्याहून दुसरीच गोष्ट मनाला लागली. आज, या घटकेला, ते तिकडे टेबलावर पडलेले आणि इथे त्यांचं डोकं असं कोरं ठेवून जायचं?

खणात जुने छापलेले कागद होते. बायकांचे चेहरे, मुलांचे चेहरे, आणि तळाशी एक पिवळा पडलेला कागद, त्यावर एकाच पुरुषाचा चेहरा तीनदा. दोन उरलेले, तिसऱ्याच्या जागी चौकोनी भोक. साधारण काकांच्याच वयाचा माणूस. बेताचं हसू. चष्मा नव्हता, पण बाकी एकोणीस-वीस. काकूंनी कात्री घेतली, वाडग्यात नळाचं पाणी घेतलं, अर्धं मिनिट मोजलं. चेहरा अलगद सुटला. डोक्यावर असा काही बसला की जणू त्या डोक्यासाठीच केला होता. काकूंनी वर केसांचा टोप दाबला आणि धावत जिना उतरल्या.

दोन वाजता डॉक्टर बाहेर आले. "मध्ये जरा घाबरवलं त्यांनी आम्हाला. साडेअकराच्या सुमारास. पण मग एकदम सावरले. इतके छान सावरले की आम्हालाच आश्चर्य वाटलं."

काकांनी डोळे उघडले. काकूंकडे पाहिलं आणि हसले. बेताचं.

"तुम्ही आलात? बरं झालं."

दीर खो खो हसला. "वहिनी, दादा तुम्हाला अहो-जाहो करतोय! गुंगी उतरली नाही अजून."

काकूंनी चष्मा पुढे केला. काकांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "नको. दिसतंय मला."

गुंगी उतरली, चौथ्या दिवशी काका घरी आले, पण अहो-जाहो काही उतरलं नाही. "तुम्ही बसा, चहा मी करतो." "तुम्ही दमला असाल." साखर कुठे असते हे मात्र त्यांना विचारावं लागलं. इमारतीतले सगळे भेटून गेले. "काकू, काय मानवलंय हो ऑपरेशन! माणूस बदलला अगदी," पहिल्या मजल्यावरची सून म्हणाली. "आमच्या ह्यांचंही करून घ्यावं म्हणते."

काकू हसल्या. सगळ्या इमारतीला सगळं सांगणाऱ्या बाईकडे आता एकच बातमी होती, आणि ती सांगायला माणूस नव्हता. काय सांगणार? नवरा ओरडत नाही? नवरा खाकरत नाही?

दुपारी जेवून काका पडायचे. काकू दारातून बघायच्या. उताणे, हात छातीवर, ओठांवर तेच हसू. आणि डोळे उघडे. तासभर पापणी लवायची नाही.

"झोप लागली का हो?" त्यांनी एकदा हळूच विचारलं.

"छान लागली होती," काका म्हणाले.

घड्याळजींना लेकीने थांबवून घेतलं होतं. सहाव्या दिवशी काकूंना राहवेना. त्या समोर गेल्या, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि बोटभर काकांच्या ओठांचा कोपरा घासला. जरा. अगदी जरा. हसू एका बाजूने पुसट झालं. बोळा टाकून त्या घरी परतल्या.

काका खिडकीशी बसले होते. ओठांच्या कोपऱ्यावर रुमाल धरला होता.

"काय झालं?"

"काही नाही. जरा चुरचुरतंय." त्यांनी रुमाल काढला. कोपरा पांढरट पडला होता. "तुम्ही कुठे गेला होतात...?"

काकूंच्या हाताला स्पिरिटचा वास येत होता. त्यांनी तो पदराखाली घेतला. पुसायला काय, सगळा चेहरा पुसता आला असता. पण पुसल्यावर मागे काय उरणार? कोरं, पिवळं... दुसरा चेहरा हाताशी असल्याशिवाय हा पुसायची सोय नव्हती.

आठव्या दिवशी घड्याळजी आले. बॅग ठेवायच्या आत काकूंनी त्यांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं, रडत रडत. सांगून झाल्यावर घड्याळजी टेबलापाशी गेले, भिंग डोळ्याला लावलं, बाहुलीकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसले.

"वहिनी, काकांचा चेहरा मी केलाच नव्हता."

"असं कसं? मी पाहिला की! चष्म्याची दांडीसुद्धा..."

"माझ्याकडे त्यांचा फोटोसुद्धा नाही. घरी आले की समोर बसवून करणार होतो." घड्याळजींचा आवाज खाली आला. "आणि वाडगा मी जाताना पालथा घालून गेलो होतो. धूळ बसू नये म्हणून."

घड्याळं कुजबुजत राहिली.

"आणि हा?" काकूंनी बाहुलीकडे बोट केलं. "हा कोण आहे, भाऊजी?"

"झाली असतील पाच वर्षं. एक बाई आल्या होत्या. नवरा गेलेला. फोटोवरून करून दिला. आठ दिवसांनी बाहुली परत घेऊन आल्या. माझ्या हातात कोंबली." घड्याळजींनी भिंग खाली ठेवलं. "मी विचारलं, जमला नाही का चेहरा? तर म्हणाल्या, ठेवून घ्या हो... हे फार चांगले वागतात."

काकूंनी विचारलं, "कुंडीत गेलेला... सापडला तर परत बसवता येईल?"

"ओला असेल तोवर. ओला असला की लवचिक राहतो. एकदा सुकला की तडकतो, त्याची पूड होते. मग काही नाही."

दोघांनी वर्तमानपत्र पसरून वरची माती भिंग लावून पाहिली. मुळं दाट होती, आत हात जाईना. ओढून काढावं तर पापुद्राच फाटायचा. "घाई नको," घड्याळजी म्हणाले. "रोज थोडी थोडी बघू. तोवर माती सुकू देऊ नका."

काकूंनी कुंडी घरी आणली, स्वतःच्या खिडकीत ठेवली. सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी. काका घरात नसले की कान लावायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, आतून काहीतरी... खूप खोलवरून. दोनदा. त्यांनी तोंडावर हात दाबला आणि पोटभर रडून घेतलं, कारण ते चहासाठीचं खाकरणं होतं.

"येते हं," त्या मातीला म्हणाल्या. "काढते मी तुम्हाला. थोडा धीर धरा."

वळल्या तर दारात काका उभे होते. बेताचं हसत. एका बाजूने पुसट.

"कुणाशी बोलत होतात?"

"झाडाशी... झाडाशी बोललं की वाढतं म्हणतात."

"असं का." काकांनी मान हलवली. "पण तुम्ही फार दमता. उद्यापासून पाणी मी घालत जाईन."

"नको, मी..."

"मी घालेन," काका म्हणाले. इतक्या गोड आवाजात आजवर त्यांना कुणी अडवलं नव्हतं. त्या रात्रीपासून काकांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि ती सोडलीच नाही. झोपायचा तर प्रश्नच नव्हता. काकू जवळ आल्या की ते उठून उभे राहायचे. "बसा ना. मी आहे की."

घड्याळजी एकदा विचारपूस करायला म्हणून आले. काकांनी त्यांना दारातच चहा दिला, गोड बोलून, आणि दारातूनच परत पाठवलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. ऊन थेट खिडकीत आलं होतं. बाहेरच्या खोलीत काकांनी झारी उचलली. काकूंनी कान टवकारले. झारी कुंडीवर कलली, ते त्यांना दारातून दिसत होतं. काका ती हळूहळू, निगुतीने, सगळ्या मातीवर फिरवत होते, एक कोपरा सोडत नव्हते.

पाण्याचा आवाज येत नव्हता.

पानं खाली लोंबली होती. माती कडेपासून सुटून पांढरी पडली होती. काकूंनी नळाखालचं भांडं उचललं आणि त्या धावल्या, पण दारापाशीच थांबल्या, कारण तेवढ्यात कुंडीतून आवाज आला होता. कोरडा, घशात अडकलेला. एकदा खाकरल्याचा.

काकू दुसऱ्याची वाट बघत उभ्या राहिल्या.

काकांनी रिकामी झारी खाली ठेवली, मान वळवली आणि हसले.

"काही ऐकलंत का तुम्ही...?"