फक्कीने आखलेली खोली

मी शेजारच्या वहिनींची चाळण परत द्यायला गेले होते, एवढंच. दुपारचे चार वाजले असतील. आता तुम्ही म्हणाल, चाळण द्यायला हिला तासभर लागतो का? लागतो. माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून त्यांचं अंगण दिसतं, आणि दिसलं की विचारावंसं वाटतं. स्वभावाला औषध नाही.

त्या दिवशी अंगणात, घराच्या भिंतीला लागून पांढऱ्या फक्कीचा मोठा चौकोन आखलेला होता. त्यात दोन खुर्च्या टाकून वहिनी आणि भावजी बसले होते. मी रेघ ओलांडून आत जाणार, तोच वहिनी म्हणाल्या, "दारातून ये गं."

एका बाजूला तीनेक फूट रेघ सोडलेली होती. मला हसू आलं. पण ते दोघं हसले नाहीत, म्हणून मी मुकाट्याने वळसा घालून दारातून गेले.

भावजींनी सांगितलं, त्यांच्या गवंड्याची रीतच तशी. कागदावर खोली मोठी दिसते आणि बांधल्यावर पलंग मावत नाही, म्हणून तो आधी जमिनीवर आखून देतो. म्हणतो, आठ दिवस हिच्यात वावरा आणि मग ठरवा, बांधायची की नाही. नवव्या दिवशी सांगाल तर कुदळ घेऊन येतो, नाहीतर झाडू.

खोली कुणासाठी, ते मी विचारलं नाही. मी असून विचारलं नाही! त्यांची ठमी एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली, त्याला अकरा वर्षं झाली. दोन खोल्यांच्या त्या घरात पोर कपाटाच्या आडोशाला झोपायची, तिथेच अभ्यास करायची. मला माझी खोली हवी, म्हणून बापाच्या मागे लागायची. भावजी म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही.

मी खाली टेकले, आणि मला जाणवलं की रस्त्याचा आवाज येत नाहीये. म्हणजे येत होता, पण दार लोटून घेतल्यावर येतो तसा. पलीकडे दोरीवरचे कपडे वाऱ्याने फडफडत होते, आणि भावजींच्या मांडीवरचं वर्तमानपत्र जराही हलत नव्हतं. कोऱ्या वहीचा वास येत होता, आणि नुकत्याच धुतलेल्या केसांचा... मी काहीतरी बोलायला गेले, तर रिकाम्या खोलीत घुमतो तसा माझाच आवाज घुमला.

"पाच वाजू दे," वहिनी हळूच म्हणाल्या.

पाच वाजता ऊन कललं. रेघांच्या आत सगळीकडे सावली झाली, आणि मधोमध, आमच्या पायांशी, उजेडाचा एक तुकडा पडला. त्यात चार उभ्या गजांच्या सावल्या. मी वर बघितलं. मोकळं आभाळ. समोर मोकळं अंगण. भिंत नाही, खिडकी नाही, मग गज कुठले? बघता बघता गजांशी एक कोपर येऊन टेकलं. मग वेणीची सावली. खिडकीत बसून रस्ता बघत राहावं, तशी ती सावली अर्धा तास बसली आणि उन्हाबरोबर गेली.

घरी येऊन मी स्वच्छ ओटा दोनदा पुसला. आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा गेले, रिकाम्या हातांनी.

सातव्या दिवशी दोघांचं वाजलं. तेही दबक्या आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं. भावजींना खोली बांधायचीच होती. वहिनींना नको होती.

"ती खोलीसाठी थांबलीय," भावजी म्हणाले. "खोली झाली की मोकळी होईल."

"म्हणूनच नको..."

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "तू सांग. तुला सगळ्यांच्या घरातलं कळतं ना?"

टोमणाच होता, पण डोळे भरलेले होते. मला जे सुचलं ते बोलून गेले. "पाऊस आला की फक्की वाहून जाईल हो वहिनी. पोरीने उघड्यावर कुठे बसायचं?"

नवव्या दिवशी गवंडी आला आणि काही बदल करायचाय का, म्हणून विचारलं. भावजी म्हणाले, खिडकी वीतभर खाली घ्या, बसल्यावर तिला बाहेरचं नीट दिसत नाही. तिला म्हणजे कुणाला, हे गवंड्याने विचारलं नाही. त्याने वहिनींकडे बघितलं.

"खणा," वहिनी म्हणाल्या.

पाया खणला त्या दिवसापासून तो उजेड पडेनासा झाला. भिंती चढल्या, स्लॅब ओतून झाला. वहिनी रोज पाच वाजता त्या ओल्या सिमेंटच्या वासात विटांच्या चळतीवर बसायच्या, आणि पायांशी बघत राहायच्या. मी शेजारी बसायचे. जन्मात कधी एवढी गप्प बसले नसेन. पोरीला आपणच घालवलं, असं मनात टोचत राहायचं.

परवा सुताराने खिडकी आणि दार बसवलं. फरशी अजून व्हायची, म्हणून दाराखाली दोन बोटं फट ठेवली. आणि काल दुपारी ते दार उघडेना. भावजींनी ढकललं, खांदा लावला. शेवटी सुताराला बोलावलं. त्याने दार ठोकून पाहिलं आणि म्हणाला, नवं लाकूड आहे, फुगलं असेल.

"फुगलं नाही," वहिनी म्हणाल्या. "आतून कडी लावलीय."

सुताराने पिशवी उघडली. "कडी कुठली लावणार, ताई? ती अजून माझ्याकडेच आहे." कागदात गुंडाळलेली नवी कोरी कडी त्याने हातावर ठेवून दाखवली.

वहिनींनी ती मागून घेतली. दाराशी खाली बसल्या, आणि कडी फटीतून हळूहळू आत सरकवू लागल्या. "घे गं," त्या म्हणाल्या. "नीट लाव."

कडी अर्धी आत गेली, तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.

उरलेली अर्धी आपली आपण आत गेली.