न शेकणारा शेक

"आजोबा कंबर शेकायला जातात," असं घरात सगळे मला सांगायचे. शेकायला जातात, तर मग कंबर गारच कशी? आणि शेक घ्यायच्या आधी घटाघटा पाणी पिऊन लघवी दाबून ठेवायची, हा कुठला न्याय? मी दाबून ठेवली की हेच लोक माझ्यावर खेकसतात!

एकदा हट्टानं मी त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेले. शेकाचं यंत्र सुरू व्हायला उशीर झाला. आजोबा लघवी दाबून कळवळत बसले होते, आणि शेवटी त्यांची पँट भिजली. उपग्रहांचे कॅमेरे बनवणारा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"शाल्मली, गाडी बोलाव. मी पुन्हा इथं येणार नाही."

"कंबरेच्या शेकासाठी एवढं?"

कोरडा गाऊन घेऊन आलेला तिथला यंत्रमानव दक्ष म्हणाला, "ते आजोबांनीच सांगायला हवं."

"कॅन्सर आहे," आजोबा म्हणाले. "प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या छोट्या ग्रंथीचा). इथले लोक किरणोपचाराला शेक म्हणतात. बरं पडलं, तुला फसवायला."

मला इतका राग आला, की रडूच फुटलं.

दक्षनं भिंतीवर प्रकाशाचं चित्र काढलं. "किरण चहूबाजूंनी येऊन ग्रंथीवर एकवटतात. कॅन्सरच्या पेशींची (शरीराच्या अतिसूक्ष्म घटकांची) वाढ त्यानं थांबते. किरण आत जाताना काही जाणवत नाही, ऊबही नाही. मूत्राशय (लघवीची पिशवी) भरलं, की फुगून वर जातं, आतड्यांनाही वर ढकलतं. त्यामुळे दोन्हींना किरण कमी लागतात."

"मग आजोबांना आवरत का नाही?"

"थोडे किरण लागतातच. मग मूत्राशय चिडतं. सारखी लघवी लागते, जळजळ होते, थकवा येतो. उपचार संपल्यावर बहुतेकांचा त्रास हळूहळू कमी होतो."

"बहुतेकांचा," आजोबा कडवट हसले.

"हो. सगळ्यांचा नाही," दक्ष म्हणाला. निदान हा तरी खरं बोलत होता.

"आणि सोडून दिलं तर?" मी विचारलं.

"कॅन्सर पुन्हा वाढू शकतो."

मी डोळे पुसले. "आजोबा, खोटं बोलला नसतात, तर मी दप्तरात तुमची पँट आणली असती. एवढंच तर होतं!"

आजोबांनी दक्षच्या हातातला गाऊन घेतला. मग त्याला म्हणाले, "आण रे पाणी. आज जमेल ना अजून?"

"जमेल."

माझा राग अजून गेलेला नाही. पण शेक संपेपर्यंत मी रोज त्यांच्याबरोबर गेले, आणि माझ्या दप्तरात गणिताच्या पुस्तकाखाली त्यांची कोरडी पँट होती.