ढगी आणि हिन्याचं अत्तर

भूमच्या आठवडी बाजारात एक काळी शेळी दावं सोडवून पळाली आणि थेट भज्यांच्या गाड्याखाली शिरली. तिच्या मागं एक मुलगी येत होती. धावत नव्हती, नुसती भरभर चालत होती, कारण इतक्या सकाळी तिचे गुडघे पळायला तयार नसत.

गाड्यापाशी एक तरुण उभा होता. त्यानं कागदातली गरम भजी एका हातानं उंच धरली, खाली वाकला आणि दुसऱ्या हातानं शेळीचा लांब कान पकडला. कानावर पांढरे ठिपके होते. बाकी अंग भरून आलेल्या ढगासारखं काळंभोर.

"गाठ मारायला शिकवलं नाही का कुणी?" त्यानं हसत विचारलं.

"शिकवलंय की," ती म्हणाली. "बोटं ऐकत न्हाईत, त्याला मी काय करू?"

त्यानं तिच्या हातांकडं पाहिलं. बोटांचे मधले सांधे सुजून लालसर झाले होते. त्याचं हसू तिथंच थांबलं… पण त्यानं काही विचारलं नाही. दावं घेतलं, शेजारच्या एका खुंट्याला वेढा दिला, दोरीचा फासा करून त्यातून दुसरा फासा ओवला आणि एक टोक मोकळं सोडलं.

"हे टोक ओढलं की गाठ सुटते. बोटं लागत नाहीत, नुसता झटका पुरतो. माणसाला कळतं, शेळीला कळत नाही."

"आणि माझ्या शेळीला कळलं तर?"

"तर तिला दवाखान्यात नोकरी देऊ."

तेव्हा तिला समजलं की हा जनावरांच्या दवाखान्यात आलेला नवा डॉक्टर. नाव रणधीर, गाव तुळजापूर. तिचं नाव शिवकन्या, आणि शेळीचं ढगी. भूमच्या बाहेर माळावर तिचं घर, घरामागं शेळ्यांचा गोठा, आणि शिवकन्या जाईल तिथं तिच्या पाठोपाठ ढगी ठरलेली. एवढं बोलून ती निघाली. जाताना त्यानं पुढं केलेलं भजं मात्र तिनं घेतलं.

मग माळावर शेळ्यांना लस टोचायची वेळ आली. एका फेरीत उरकणारं काम रणधीरनं बरंच लांबवलं. कधी सुया कमी आणल्या, कधी एखादी शेळी 'परत बघायला हवी' म्हणून सोडून दिली. शिवकन्येची आई लक्ष्मीबाई हे सगळं बघत होती. ती बोलत काही नसे, फक्त त्याच्या चहात साखर जरा जास्त पडू लागली.

त्या फेऱ्यांमध्ये त्याच्या एक लक्षात आलं. थंडीच्या सकाळी शिवकन्या चहाचा पेला बोटांनी धरत नसे, दोन्ही तळव्यांत दाबून धरी. उजाडताना शेळ्या तिचे वडील, बलभीमराव, सोडत. पण ऊन लिंबाच्या झाडावरून खाली उतरलं, अंगणात पसरलं, की तिची बोटं हळूहळू मोकळी होत. मग ती धारा काढी, पाला तोडी, करडांना उचलून घेई, आणि पुन्हा तीच सकाळची मुलगी आहे असं कुणाला खरं वाटलं नसतं.

एक दिवस त्यानं विचारलंच. तिनंही लपवलं नाही. बारावी झाल्यावर कधीतरी बोटं सकाळी लाकडासारखी व्हायला लागली. बार्शीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आमवात आहे असं सांगितलं. आठवड्याची गोळी चालू होती, तिनं बराच आराम पडला होता. पण गावाचं मत वेगळं होतं. पोरीची प्रतिकारशक्ती कमी पडलीय, ती वाढवा. म्हणून सिताबाई मावशी डिंकाचे लाडू पाठवी आणि शेजारून रोज गुळवेलीचा काढा येई.

"लई कडू असतोय," ती तोंड वाकडं करून म्हणाली. "पण पेला संपल्याशिवाय कुणी उठू देत न्हाय."

रणधीरला हसू आलं. "काढ्याचं एकदा बार्शीच्या डॉक्टरांना विचारा. कारण तुमची प्रतिकारशक्ती कमी नाहीच. ती उलट फार जागी आहे. बाहेरच्या जंतूंवर उगारायची काठी ती घरातल्यांवरच उगारतीय. तुमच्याच सांध्यांवर."

त्याला वाटलं होतं, ती हसेल. ती पेला खाली ठेवून ढगीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"म्हंजे माझंच अंग मला परकं समजतंय," एवढंच ती म्हणाली.

तो दवाखान्यात परतला, पण ते वाक्य त्याच्याबरोबर आलं. आपण अर्धंच सांगून आलो, याची त्याला चुटपुट लागली. आणि त्याहून मोठी हुरहूर दुसरीच होती… ती काय आहे हे आता त्याला नीट कळलं होतं.

काही दिवसांनी त्यानं मनाशी ठरवलं, आज विचारायचं. इस्त्रीचा सदरा घातला. धाराशिवच्या उरुसातून आणलेली हिन्याच्या अत्तराची कुपी उघडली, मनगटांना लावलं, आणि जरा धीर यावा म्हणून मोठा रुमालही त्यात चांगला भिजवला.

माळावर पोचला तर कुणाचं लक्ष त्याच्या सदऱ्याकडं गेलंच नाही. ढगी व्यायला बसली होती आणि करडाचा एक पाय आत मुडपून अडकला होता. शिवकन्येचा चेहरा उतरला होता. रणधीरनं बाह्या सारल्या, हातमोजे चढवले. शिवकन्या पुढं वाकली तशी त्यानं तिला अडवलं. तिच्या गोळ्या तिच्या अंगातल्या, रोगाशी लढणाऱ्या राखणदारांना जरा शांत ठेवतात, म्हणून व्यायलेल्या शेळीचं काही उघड्या हातानं धरायचं नाही, आणि दूधही कच्चं प्यायचं नाही, असं त्यानं बजावलं. मग पाय सरळ केला, आणि थोड्या वेळात एक ओलं, काळं करडू गवतावर आलं. कपाळावर पांढरा ठिपका.

ते श्वास घेत नव्हतं.

रणधीरनं हाताला आला तो रुमाल घेतला. नाक पुसलं, छाती चोळली, सगळं अंग खसाखसा पुसलं. करडू शिंकलं. मग बारीक आवाजात ओरडलं. शिवकन्येनं डोळे मिटले आणि उघडले, आणि त्या एका नजरेसाठी रणधीरनं आणखी दहा सदरे घाण करून घेतले असते.

त्यानं करडू ढगीपुढं ठेवलं. ढगीनं मान लांब केली, हुंगलं… पुन्हा हुंगलं. आणि डोकं खाली घालून त्या एवढ्याशा जिवाला ढुशी मारली.

करडू धडपडत परत उठलं, कासेकडं गेलं. पुन्हा ढुशी.

"असं ती कधीच करत न्हाय," शिवकन्या म्हणाली. "पोटचं लेकरू हाय तिचं."

रणधीरनं रुमाल नाकाशी नेला आणि त्याचे कान तापले. शेळी आपलं करडू वासावरून ओळखते. व्यायल्याबरोबर चाटून चाटून तो वास मनात साठवते. रणधीरनं तोच वास पुसून टाकला होता आणि वर हिना लावला होता.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "हे अत्तर…"

"गोठ्यात यायला अत्तर लावलं?" तिनं विचारलं. "कुणासाठी? ढगीसाठी?"

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "तुमच्यासाठी. आज तुम्हाला विचारायचं होतं… माझ्याशी लग्न कराल का."

दाराशी उभी असलेली लक्ष्मीबाई पाणी आणायचं निमित्त काढून आत गेली. शिवकन्या भिंतीला टेकलेल्या करडाकडं बघत होती.

"डॉक्टर, माझ्या अंगात हेच चाललंय," ती सावकाश म्हणाली. "ज्या मुलीला तिचं अंगच आपलं म्हणत न्हाय, तिला दुसऱ्या कुणी का आपलं म्हणावं? आज तुम्हाला दया येतीय. उद्या मला भाकरी थापता येणार न्हाय, मग?"

"दया आली असती तर अत्तर लावलं नसतं," तो म्हणाला. "तुमचं नाही म्हणणं मी ऐकलं. पण ढगीला थोडे दिवस द्या. मलाही द्या."

तिनं मान हलवली. होकार नव्हता, नकारही नव्हता. "पण अत्तर लावून गोठ्यात यायचं न्हाय."

ढगीची वार, करडामागून येणारी नाळेची पिशवी, पडल्यावर तिचं पाणी त्यानं करडाच्या अंगाला चोळलं, पाठीवर चिमूटभर मीठ भुरभुरलं, म्हणजे ढगीला चाटावंसं वाटेल. ढगीला खुंट्याला आखूड बांधलं आणि करडाला धरून पाजलं. पहिला चीक पोटात जायलाच हवा होता. आईनं आजवर ज्या ज्या रोगांशी झुंज दिली, त्यांच्याविरुद्धची शिदोरी त्या चिकातूनच करडाला मिळते. करडाचं नाव शिवकन्येनं टिकली ठेवलं. मग रणधीर रोज सकाळी येऊ लागला, धुतलेल्या साध्या कपड्यांत, नुसत्या साबणाच्या वासाचा… आणि परत जाताना शेळ्यांच्या वासाचा.

तो ढगीला धरी, शिवकन्या टिकलीला कासेशी लावी. आणि तो आधी राहून गेलेली उरलेली अर्धी गोष्ट सांगे.

आपल्या छातीच्या हाडामागं, काळजाच्या जरा वर, एक लहानशी शाळा असते. तिला थायमस म्हणतात. हाडांच्या मज्जेत जन्मलेले कोवळे राखणदार तिथं शिकायला येतात. ती शाळा मोठी अजब. शरीरात कुठं कुठं जे जे असतं, सांध्यातलं, पोटातलं, कातडीतलं, त्याचे नमुने तिथं एका जागी मांडून दाखवतात. ज्याला काहीच ओळखता येत नाही तो नापास. आणि जो आपल्याच नमुन्यावर धावून जातो, तोही बाहेर पडत नाही, त्याचा तिथंच शेवट होतो. शंभरातले जेमतेम दोन-चार पास होतात.

"एवढी कडक परीक्षा?" शिवकन्येनं विचारलं. "आन तरी माझे चुकलेच."

"इतके येतात की काही निसटणारच. म्हणून बाहेर आणखी एक टोळी असते, समजूत घालणाऱ्यांची. कुणी घरातल्यावर काठी उगारली की त्या पेशी त्याचा हात धरतात. तुमच्या सांध्यांपाशी त्यांचं बळ कमी पडलं. का पडलं, ते अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही. थोडं रक्तातून येतं, थोडं बाहेरचं काहीतरी निमित्त होतं. पण तुम्ही काही केलं म्हणून नाही, हे नक्की."

ती ऐकत होती. टिकलीची शेपटी दूध पिताना थरथरत होती.

"मला शिकताना नवल कशाचं वाटलं सांगू?" तो म्हणाला. "आजार का होतो, याचं नाही. कोट्यवधी राखणदार, सगळ्यांच्या हातात काठ्या, अंगभर अंधारात फिरतायत… आणि तरी तुमचं काळीज, डोळे, हे सगळं ते रोज ओळखतात आणि बाजूनं निघून जातात. तुम्ही म्हणता अंग आपलं म्हणत नाही. सांधे सोडले तर बाकीच्या सगळ्या शिवकन्येला ते आपलंच म्हणतंय. आत्तासुद्धा."

शिवकन्येनं स्वतःची बोटं समोर धरली, उलटसुलट करून पाहिली. जणू पहिल्यांदाच.

"ढगीचा दाखला मग पुरता लागू पडत न्हाय," ती म्हणाली. "ढगी एकटी हाय. आन माझ्यात पुरं गाव हाय."

"नाही पडत," तो हसला. "दाखले असेच असतात. थोडे चालतात, मग बसतात."

दिवस गेले. ढगीच्या ढुशा कमी झाल्या. टिकलीच्या पोटात आता ढगीचंच दूध होतं आणि अंगालाही तोच वास येऊ लागला होता. एका सकाळी, ऊन लिंबाखाली उतरल्यावर, शिवकन्या म्हणाली, "आज दावं सोडून बघायचं."

खुंट्याला बाजारातली तीच गाठ होती. ती वाकली. टोक बोटांत धरायला गेली, ते निसटलं. रणधीरचे हात आपोआप पुढं आले होते… त्यानं ते पाठीमागं घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. तिनं पुन्हा धरलं. पुन्हा निसटलं. मग तिनं टोक मनगटाला गुंडाळलं आणि झटका दिला. गाठ सुटली.

ढगी मोकळी झाली. टिकली लटपटत पुढं गेली. ढगीनं मान खाली घातली. तिनं हुंगलं. कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्याशी नाक नेऊन थांबली. मग घशातून एक हलका, घुमणारा आवाज काढला, जो शेळी फक्त आपल्या लेकरासाठी काढते, आणि टिकलीला चाटायला लागली.

शिवकन्येचे डोळे भरून आले. ते पुसायलाही ती थांबली नाही.

"सकाळी बोटं आखडणारच," ती म्हणाली. "गोळी जन्माची. कधी बरं, कधी वाईट. ढगीसारखं एका दिवशी मिटणार न्हाय."

"माहीत आहे."

"पुढं लेकरांचं मनात आलं, तर आधी डॉक्टरांना विचारून गोळी बदलावी लागंल. त्यांनाही हे होईल का, याची भीती राहील."

"बहुतेकांना होत नाही. भीती वाटली तर दोघं मिळून भिऊ."

"आन सकाळची भाकरी?"

"सकाळचा चहा मी करतो," तो म्हणाला. "तुमची बोटं उठेपर्यंत. भाकरीचं दुपारी बघू."

ती हसली. खूप दिवसांनी लक्ष्मीबाईला ते हसू आतपर्यंत ऐकू आलं.

"येत्या रविवारी आई-वडलांना घेऊन या," शिवकन्या म्हणाली. तिनं दावं त्याच्या हातात दिलं, आणि आपला हातही तिथंच राहू दिला. सकाळचा, अजून जरासा ताठ. "आन येताना… अत्तर लावून या."

"आणि ढगी?"

"ढगीला सवय करावी लागंल," ती म्हणाली. "घरातलाच वास हाय म्हणून."