रेवणप्पाची रोजची गोळी

दिवा बारीक करा रे, तेल उगाच जळतंय. हे कुणी रचून सांगितलेलं नाही. ज्याच्यावर बेतलं तो सोमलिंग माझं गिऱ्हाईक. मी तेव्हाही सात रस्त्याच्या चौकात औषधाच्या दुकानात कामाला होतो, अजूनही आहे.

सोमलिंगचा धाकटा भाऊ रेवणप्पा. वेल्लोरला त्याच्या काळजात धातूची झडप बसवलेली, व्हॉल्व्ह म्हणतात ती. शेजारी बसलं की छातीतून टिक् टिक् ऐकू यायचं. त्यानंतर पाच वर्षं गडी ठणठणीत. लग्न झालं, शेतात राबायला लागला. पथ्य एकच, रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, जन्मभर. नाहीतर झडपेवर रक्ताची गाठ धरते.

पण त्या गोळीनं दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. सोमलिंगला ते बघवेना. "रक्त पातळ करून माणूस जगतो व्हय?" म्हणाला आणि गोळ्या आणणंच बंद केलं. भावाला सांगितलं, "दुकानात मिळंनात." माझ्या दुकानात, पोरांनो! कपाट भरलेलं होतं. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

दसऱ्याच्या सुमारास गाठ मेंदूत चढली आणि रेवणप्पाची वाचा गेली. दुसऱ्या दिवशी माणूसच गेला. त्यांच्यात बसवून पुरतात, तसं शेतातच बांधालगत पुरलं. झडपेसकट.

मग आली सत्याहत्तरची वेळा अमावस्या. दुखवटा असला तरी शेताची पूजा कोण चुकवतो? सगळे शेतात जेवून घरी परतले. अंधार पडल्यावर रेवणप्पाची बायको नागम्मा म्हणाली, "भावजी, आंबिलीची घागर कोपीतच राहिली की."

सोमलिंग कंदील घेऊन निघाला. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या खोपटात, त्या कोपीत, वाकून त्यानं घागर उचलली, तर...

टिक्.

किडा असेल, त्याला वाटलं.

टिक्. टिक्. बांधाकडून.

तो थांबला. आवाजही थांबला.

कंदील विझला. वारा नव्हता.

"अण्णा..."



"अण्णा... गोळी मिळाली का?"

आवाज खालून. बसलेला माणूस बोलतो तसा.

सोमलिंगच्या तोंडून गेलं, "न्हाई रे... दुकानात..."

मेलेल्या भावाशीसुद्धा खोटं!

मग काहीच नाही. टिक् सुद्धा नाही...

सकाळी नागम्मा समाधी सारवायला गेली. वरच्या मातीत खळगा पडला होता, पसरलेल्या तळहाताएवढा. तिनं बुजवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. मी स्वतः जाऊन पाहिलाय. आत बोटं उमटलेली दिसतात.

सोमलिंग आता न चुकता माझ्याकडून गोळ्या नेतो. मी देतो. रोज रात्री एक गोळी तो त्या खळग्यात ठेवून येतो.

सकाळी गोळी बाहेर बांधावर पडलेली असते. आणि मातीतला तो तळहात रिकामा.