आईचे पाय आणि माझी सर्दी

आई सव्वा वर्षानं अंतराळातून पृथ्वीवर परत आली, मला पाहून पलंगावरून उठली, आणि तिचे पाय एकदम लुळेच पडले. चेहरा पांढराफटक! रोबो-परिचारकानं झेललं नसतं तर डोकंच आपटलं असतं.

मी तिच्या दवाखान्यातल्या खोलीच्या काचेच्या अलीकडे होते. "आबा, आईला काय झालं?" मी किंचाळलेच.

आबा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. ते शरीरशास्त्रज्ञ. आयुष्यभर अंतराळवीरांची हृदयं तपासत आलेत. पण लेकीला पडताना पाहून त्यांचीही मूठ काठीवर घट्ट आवळली होती, मी पाहिलं ना! बोलले मात्र शांतपणे, "घाबरू नकोस. तिचं रक्त पायांत उतरलंय."

"रक्त कसं उतरेल? काहीतरीच काय!"

"निशू, एक हात वर धर, दुसरा खाली सोड. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

पलीकडे आई डोळे मिटून पडलेली आणि इकडे मी हात वर करून उभी, वर्गात उत्तर येत असल्यासारखी. अस्सा राग आला होता! मला आई हवी होती, प्रयोग नको होता. थोड्या वेळानं आबा म्हणाले, "आता दोन्ही हात शेजारी धर." वरचा हात फिकट पडला होता. खालचा लालसर होता आणि त्यावरच्या शिरा टरारून फुगल्या होत्या.

"गुरुत्वाकर्षण रक्तालाही खाली ओढतं," आबा म्हणाले. "तरी उभं राहिलं की तुला चक्कर येत नाही. कारण पायांतल्या शिरांना (हृदयाकडे परत जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना) झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, मागे फिरू देत नाहीत. चालताना पोटऱ्या या शिरा दाबतात आणि रक्त वर ढकलतात. हृदयही जोर वाढवतं. पण चंद्राभोवतीच्या स्थानकात सगळंच तरंगतं. तिथं रक्त डोक्याकडे सरकतं. पडद्यावर बोलताना आईचं तोंड कसं दिसायचं?"

"भोपळ्यासारखं!"

"आणि पाय काड्यांसारखे. शरीराला वाटलं, वर रक्त फार झालं. मग त्यानं जास्तीचं पाणी लघवीवाटे टाकून दिलं. हृदयाला कष्ट उरले नाहीत, तेही सुस्तावलं. आज ती उभी राहिली, रक्त भसकन पायांत उतरलं आणि मेंदूला कमी पडलं."

"आणि धापा का टाकतेय?"

"फुप्फुसांत वायुकोश (हवेचे इवलेसे फुगे) असतात. श्वासातला ऑक्सिजन तिथून रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशी तो शरीरभर पोचवतात. वर असताना तिच्या बऱ्याच तांबड्या पेशी मोडल्या. हवा भरपूर आहे गं, वाहून न्यायला हमाल कमी पडतायत. अस्थिमज्जा (हाडांतला मऊ गर) नव्या पेशी बनवतेय, पण त्याला वेळ लागेल."

"मग मी नुसती जवळ जाऊन बसते," मी म्हटलं, आणि नेमकी तेव्हाच मला शिंक आली.

रोबो दारात आडवा आला. "सर्दी. प्रवेश नाही."

मी त्याला लाथ मारली. त्याला काही झालं नाही, माझाच अंगठा ठेचला.

"एवढीशी तर सर्दी!"

"तुला एवढीशी," आबा म्हणाले. "तुझ्या पांढऱ्या पेशी (रक्तातले पहारेकरी) त्या विषाणूशी लढतायत. नाक वाहतंय ते त्याच लढाईमुळे. जिंकल्यावर काही पेशी शत्रूचा चेहरा लक्षातही ठेवतील. आईचे पहारेकरी मात्र अंतराळात पेंगुळलेत."

"म्हणजे माझ्यामुळे ती आजारी पडेल?"

"पडू शकते." आबा खोटं बोलत नाहीत. हा त्यांचा फार वाईट्ट गुण आहे. मी काचेला नाक लावून पोटभर रडले. हाताच्या अंतरावर आई होती आणि मला तिचा वासही येत नव्हता.

मग रोज संध्याकाळी मी काचेपाशी बसायचे. बोलणं स्पीकरमधून व्हायचं. एकदा बोलता बोलता आईनं चहाचा पेला हवेतच सोडला! खाली चहाचं तळं. "अगं बाई! वर कसा, सोडला की तिथंच राहतो," ती ओशाळून म्हणाली. मी खो खो हसले, पण मग मनात आलं: तिला वरचीच सवय झाली होती, माझी नाही.

"आई, तुला परत जायचंय का?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आठवण येते गं. तिथं असताना तुझी यायची, जीव नुसता कासावीस व्हायचा. आता इथं आले तर तिथली येते. माणसानं करावं तरी काय?"

"माणसानं आधी टाचा उचलाव्यात!" मी खेकसले.

आबा खदाखदा हसले. पण उपाय तोच होता. पलीकडे आई पलंगाचा कठडा धरून आणि अलीकडे मी, दोघी चवड्यांवर उभ्या राहायचो. टाचा वर, टाचा खाली. पोटऱ्यांचा पंप चालू! आई दमली की मी डोळे वटारायचे.

हळूहळू तिच्या गालांवर लाली आली. माझी सर्दीही पळाली. आईचे पहारेकरी जागे झाल्याचं तपासणीत दिसलं, आणि एका सकाळी रोबोनं माझं नाक, घसा, ताप सगळं तपासून दार उघडलं.

मी सुसाट सुटणार, तोच आबांनी माझा खांदा धरला. "थांब. तिला येऊ दे."

आईनं कठडा सोडला. एक पाऊल. मग दुसरं. रोबो हात पसरून मागे मागे. मी श्वासच रोखला होता. ती आली, आणि अख्खी माझ्या अंगावर कलंडली. माझा कान तिच्या छातीवर होता.

"आबा, ठोके किती जोरात पडतायत!"

"पडू देत. कामाला लागलंय ते हृदय."

"आई, मी मोठी झाले ना," मी तिच्या कुशीतच म्हटलं, "की असं काहीतरी शोधणार, की वरून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी आपल्या माणसांना मिठी मारता येईल."

"शोध बाई, लवकर शोध," आई धापा टाकत म्हणाली. "तोवर घट्ट धर मला. पाय लटपटतायत."