संपेपर्यंत सुरुवातच

बुद्धिबळ महामंडळाचे निवेदन निःसंदिग्ध होते : 'यामिनी भोसेकर व तिच्या प्रतिस्पर्ध्याने अंतिम फेरीतील डाव संगनमताने बरोबरीत सोडवला. पुरावा : विचारमापकावर सबंध डावात दोघांच्याही मेंदूने विचार केल्याची नोंद नाही.'

दुसरे वाक्य जवळजवळ खरे होते. त्याच्या आधारावर पहिले रचणाऱ्याची हिंमत मात्र वाखाणण्याजोगी होती.

प्रतिस्पर्ध्याने माफीनामा देऊन सुटका करून घेतली. यामिनीने सहीला नकार दिला. चौकशीत ती दोषी ठरली, तर पटासमोर पुन्हा कधीच बसता येणार नव्हते.

"आचरेकर बाई," चौकशी अध्यक्ष खांडेपारकर म्हणाले, "माझं बुद्धिबळ घोड्याच्या अडीच घरांपाशी संपतं. जरा सोपं करून सांगा."

यामिनीच्या बाजूने साक्षीला आलेल्या मेंदूशास्त्रज्ञ डॉ. आचरेकर उठल्या. "साहेब, पहिल्या काही चाली खेळाडू पाठ करून येतात. ती ओपनिंग. पाठांतर संपलं की विचार सुरू. मग महामंडळानं स्मृतिबीज आणलं. कानामागे टोचलं, की लाखो डावांतल्या उत्तम चाली स्वतःच्याच आठवणी होऊन बसतात. आता पाठांतर संपतच नाही."

"म्हणजे शेवटपर्यंत ओपनिंगच?"

"आणि शेवट बरोबरीत. दोघांची आठवण एकच. संगनमताला निदान दोन डोकी लागतात, साहेब."

महामंडळाचे वकील उसळले. "मग बीज टोचून घेतलंच कशाला?"

"त्याशिवाय स्पर्धेत प्रवेश नाही. नियम तुमचाच आहे, वकीलसाहेब."

सभागृहात हशा पिकला. खांडेपारकरांनी आरोप फेटाळत असल्याचे सांगितले.

"थांबा, साहेब," यामिनी म्हणाली. "सतराव्या चालीला मी विचार केला होता. मापकावर तो उमटला. महामंडळानं यंत्रदोष म्हणून वगळला."

"यामिनी, खाली बस," आचरेकर कुजबुजल्या. "सुटलीस तू."

"नाही, मॅडम. हे लिहून घ्यायलाच हवं."

तिचा जबाब शब्दशः असा नोंदला गेला : "हत्तीचा बळी दिला असता तर मी जिंकत होते. मला ते स्पष्ट दिसलं. हातही पुढे केला. मोहऱ्याला शिवलं की तेच खेळावं लागतं, म्हणून शिवले नाही. ती चाल मला आठवत नव्हती, सुचली होती. एवढ्यावरूनच मी ती चूक ठरवली."