एकतीस मीटर

त्या दिवशी आम्ही हरीण मारायला नव्हे, हरणाचं अंतर मोजायचं यंत्र निवडायला निघालो होतो! आयर्लंडमधल्या लेटरकेनीपासून तासाभरावर पॅकी नावाच्या शेतकऱ्याच्या डोंगरावर हरणं कोवळी रोपं फस्त करत होती. पुढच्या शनिवारी माझ्या नवऱ्याची, संग्रामची, पहिली शिकार ठरली होती. बंदूक आली, परवाना आला. राहिला होता लेझर रेंजफाइंडर. अंतर चुकलं तर गोळी पोटात बसते आणि जनावर दोन दिवस तडफडत मरतं, हे पॅकीने त्याला बजावून सांगितलं होतं.

परीक्षेसाठी दोन यंत्रं आणली होती, एक थोरलं, एक धाकटं. मोजायला समोर कुणीतरी उभं हवं ना? मग काय, बायको आहेच! पिवळा रेनकोट घालून, हातात वॉकीटॉकी घेऊन मी दलदलीपलीकडच्या दगडी वाटेवर खांबासारखी उभी राहिले.

"चारशे बारा!" वॉकीटॉकीवर संग्राम खुशीत होता. "थोरलं एका झटक्यात सांगतं. धाकटं मेलं कधीकधी नुसत्या रेषा दाखवतं."

"त्याला कळत नसेल तेव्हा."

"मग विकतात कशाला?"

संग्राम भूलतज्ज्ञ. 'मॉनिटर काय बघता, पेशंट बघा!' म्हणून ज्युनिअर्सवर रोज खेकसतो. आकडा, वेळ, होकायंत्राची दिशा, सगळं तो केसपेपरसारखं वहीत उतरवत होता.

आणि धुकं आलं. बघता बघता माझीच बोटं मला दिसेनात.

"मी वाटेने वळसा घालून येते," मी म्हणाले. चालू लागलेही; किती चालले ते धुक्यात कळेना.

"वळसा कशाला? थोरलं एकतीस मीटर दाखवतंय! शिट्टी वाजवतो, सरळ ये."

शिट्टी फार लांबून आल्यासारखी वाटली. पण आकडा होता ना! मीही डॉक्टरच. कानांपेक्षा आकड्यावर विश्वास ठेवला आणि वाट सोडली.

तीस पावलं. पन्नास. ऐंशी. कुणीच नाही!

पुढचं पाऊल खाली गेलं ते गेलंच. गुडघा. मांडी. कंबर! काळं, बर्फासारखं पाणी बुटांत शिरलं. धडपडले तशी आणखी आत गेले.

"संग्राम, मी रुततेय!"

"हलू नकोस! मागे रेल!"

"किती लांब आहेस तू?"



"विद्या, थोरलं अजून एकतीसच म्हणतंय. उलट दिशेला धरलं तरी एकतीस. ते धुकंच मोजत होतं गं! धाकट्यावर रेषा आहेत." त्याचा आवाज फाटला. "मला माहीत नाही तू किती लांब आहेस. पण वहीत दिशा आहे. पावलं मोजत येतो. तू बोलत राहा."

मला त्याचा असा संताप आला की थंडीही क्षणभर विसरले. मग बोलत राहिले. शिव्या दिल्या, पाढे म्हटले. दात वाजत होते तोवर ठीक होतं. मग कुडकुडणं थांबलं. याचा अर्थ डॉक्टरला कळतो: शरीराने ऊब धरणं सोडलंय. मी मरणार, हे मला स्वच्छ कळलं आणि भयंकर भीती वाटली.

काठीचा आवाज! चिखल चाचपत कुणीतरी येत होतं.

"विद्या!"

तो पोटावर आडवा पडला. सॅकचा पट्टा फेकला. मी तो मनगटाला गुंडाळला. ओढ! निसटला! पुन्हा ओढ! उजवा बूट आत राहिला आणि मी बाहेर आले.

पॅकीच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी मला पुन्हा हुडहुडी भरली तेव्हा संग्राम ढसाढसा रडला. माझ्या उजव्या पायाच्या दोन बोटांना अजून स्पर्श कळत नाही.

शिकार अर्थातच लांबली. थोरलं यंत्र परत गेलं.

महिन्याभराने तो पॅकीबरोबर डोंगरावर गेला. मी खाली चुलीपाशीच बसले. दोघे भिजून, रिकाम्या हाताने परतले. विरळ धुक्यात मोठा नर समोर उभा होता म्हणे, पण धाकट्यावर नुसत्या रेषा. संग्रामने बंदूक उतरवली.

"किती लांब होता?" मी विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला आणि बूट काढायला बसला.

पॅकीने त्याला पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावलं.